इंडिकेटर न देता लेन बदलणाऱ्यांचं काय करायचं?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. रोज तीन-चार लेनच्या रस्त्याने कामावर जाता. आजूबाजूचे लोक इंडिकेटर न देता सरळ तुमच्या पुढे घुसतात, हॉर्न वाजवला तर उलट तेच डोळे वटारतात. तुम्ही स्वतः इमानदारीत इंडिकेटर दिला, की शेजारच्या लेनमधला मागचा माणूस वेग वाढवून होती ती जागाही बंद करतो. मग इंडिकेटर द्यायचा तरी कशाला? आणि शेवटी जरा संकोचाने लिहिलंय, की धाकटा भाऊही असाच चालवतो, त्याला कसं सांगायचं?

मी गाडी चालवायला शिकवतो. अगदी नवीन लोकांना शिकवतो, तसंच वर्षानुवर्षं गाडी चालवून मुरलेल्या कंपनीच्या ड्रायव्हरांनाही. म्हणजे माझा बराचसा वेळ शेजारच्या सीटवर बसून दुसऱ्याचे हात, पाय आणि डोळे बघण्यात जातो. तिथून जे दिसतं त्यावर हे उत्तर आहे. काही गोष्टी तुमच्या रस्त्यावर अवलंबून राहतील, हे आधीच सांगतो. भरगच्च, खोळंबत चाललेल्या गर्दीत आणि शंभरच्या वेगाने वाहणाऱ्या हायवेवर एकच सल्ला चालत नाही. कायदाही देशागणिक वेगळा आहे. लेन कुठल्या बाजूची हे मी सांगत बसणार नाही, ‘वेगाची लेन’ आणि ‘कडेची लेन’ एवढंच म्हणेन. तुमच्याकडे कुठली कुठे ते तुम्ही लावून घ्या.

आधी हे लोक असं का करतात ते बघू, कारण उपाय त्यावर ठरतो. दादागिरी करणारे असतात, नाही असं नाही. पण माझ्या अनुभवात ते थोडे. बहुतेक जण इंडिकेटर देत नाहीत, कारण लेन बदलायची हे त्यांनी स्वतःच अजून ठरवलेलं नसतं.

शेजारी बसून हे अगदी स्पष्ट दिसतं. समोर एक टेम्पो हळू चाललाय. ड्रायव्हर त्याच्या मागे तसाच येत राहतो, पाय अ‍ॅक्सिलरेटरवरच. अंतर कमी होतंय, पण त्याचं तिकडे लक्ष नाही. मग एका क्षणी टेम्पोचं मागचं फळकं काचेत मोठं दिसायला लागतं आणि तो जागा होतो. आरशात ओझरती नजर, स्टिअरिंग हललं, आणि त्यानंतर कुठे बोटं इंडिकेटरच्या दांडीकडे जातात. पहिली टिकटिक ऐकू येते तेव्हा पुढचं चाक पांढऱ्या पट्टीवर चढलेलं असतं. गाडी थांबवून विचारलं, तर तो अगदी मनापासून सांगतो, “दिला की इंडिकेटर!” खोटं बोलत नसतो. दिला होताच. पण मागच्या माणसाला त्याचा काडीचा उपयोग नव्हता, कारण दिवा लागला तोवर गाडी निम्मी बाहेर आलेली होती.

म्हणजे चूक हाताची नाही. हात उशिरा गेला, कारण निर्णयच उशिरा झाला. ज्याची बोटं थोडी आळशी असतात, त्याच्या बाबतीत तेवढीही टिकटिक होत नाही, कारण दांडीपर्यंत पोचायच्या आत काम उरकलेलं असतं.

याला पुष्टी देणारा एक अभ्यास आहे. २०१२ मध्ये अमेरिकेत रिचर्ड पोन्झियानी यांनी सुमारे १२,००० गाड्यांच्या निरीक्षणावर एक निबंध मांडला. लेन बदलताना जवळजवळ ४८ टक्के वेळा इंडिकेटर दिला गेला नाही किंवा दिलेला बंद केला गेला नाही, वळताना मात्र हेच प्रमाण २५ टक्क्यांच्या आसपास. माणसं तीच, गाड्या त्याच, तरी जवळजवळ दुपटीचा फरक. याचा काही भाग गाडीच्या रचनेत आहे. पूर्ण वळण घेतलं, की स्टिअरिंग सरळ होताना दांडी आपोआप परत येते, लेन बदलताना स्टिअरिंग इतकं कमी फिरतं की ती यंत्रणा लागूच होत नाही. दिवा तसाच लुकलुकत राहतो, हाताने बंद करावा लागतो, आणि ते विसरलं जातं. पण उरलेला फरक माझ्या मते निर्णयाचा आहे. कुठल्या चौकात वळायचं हे घरून निघतानाच माहीत असतं. लेन मात्र माणूस ऐनवेळच्या लहरीवर बदलतो.

आणि ती लहर येते कुठून? शेजारची लेन कायम जास्त वेगाने चालल्यासारखी वाटते ना, तिथून. हा निव्वळ मनाचा खेळ नाही. डोनाल्ड रेडेलमायर आणि रॉबर्ट टिब्शिरानी या दोघांनी १९९९ साली ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात हे मांडलं होतं. दोन्ही लेनचा सरासरी वेग सारखा असला तरी असं वाटतं, कारण शेजारची लेन तुंबलेली असते तेव्हा गाड्या एकमेकींना चिकटलेल्या असतात आणि तुम्ही त्यातल्या पाच-सहा झटक्यात मागे टाकता. ती लेन मोकळी झाली, की गाड्या लांब लांब होतात आणि तुम्हाला एकेक करून ओलांडत राहतात. त्यामुळे आपण पुढे जातोय असा वेळ थोडा, आणि लोक आपल्या पुढे जातायत असा वेळ जास्त. शिवाय ज्यांना तुम्ही मागे टाकलं ते नजरेआड होतात, ज्यांनी तुम्हाला टाकलं ते बराच वेळ डोळ्यांसमोर चालत राहतात. मग माणूस चिडून लेन बदलतो, आणि बदलल्यावर जुनी लेन पळताना दिसते.

मिळतं काय, तेही मोजा. ताशी ६० च्या सरासरीने २० किलोमीटरला २० मिनिटं लागतात. नागमोडी घुसत घुसत कुणी सरासरी दहा टक्क्यांनी वाढवली, आणि तेवढी वाढवणंही गर्दीत सोपं नाही, तर वाचतात दोन मिनिटांहून कमी. पुढच्या सिग्नलला बऱ्याचदा तोच माणूस तुमच्या शेजारी उभा असतो.

एक आणखी प्रकार आहे, शिकल्या-सवरलेल्यांत जास्त दिसणारा. “आजूबाजूला कोणी नव्हतं, मग कुणासाठी द्यायचा?” ज्याला तुम्ही पाहिलंय त्याला सांभाळून तुम्ही जाणारच. इंडिकेटर आहे तो जो तुम्हाला दिसलेला नाही त्याच्यासाठी. देण्याची गरज आहे की नाही हे ठरवायला जी माहिती लागते, नेमकी तीच तुमच्याकडे नसते. म्हणून माझ्याकडे शिकणाऱ्याला मोकळ्या रस्त्यावरही द्यायला लावतो. तिथे विचार करायचा नसतो, हाताला वळण लावायचं असतं.

आता तुमच्या बाजूने बघू. न सांगता कुणी पुढे आला तर नेमका धोका किती? ताशी १०० किलोमीटरला गाडी सेकंदाला जवळजवळ २८ मीटर जाते. तुम्ही पुढच्यापासून दोन सेकंदांचं, म्हणजे साधारण ५५ मीटरचं अंतर ठेवलंय. मध्ये एक गाडी आली, की तुमच्या वाट्याला पंचवीस मीटर, एका सेकंदापेक्षाही कमी. ब्रेकवर पाय जायला किती वेळ लागतो यावरच्या अनेक अभ्यासांचा मार्क ग्रीन यांनी २००० साली आढावा घेतला होता. काय होणार हे आधी माहीत असेल तर पाऊण सेकंदाच्या आत पाय पोचतो, अगदीच अनपेक्षित काही झालं तर दीड सेकंद. म्हणजे अंतर अर्ध्यावर आलं त्याच क्षणी तुमची प्रतिक्रियाही दुप्पट मंदावली. दिवा दोन-तीन सेकंद आधी लागला असता तर वीसेक मीटर तुमच्या पदरात पडले असते. इंडिकेटरची किंमत ही अशी मीटरमध्ये मोजता येते. तो शिष्टाचार आहेच, पण नुसता शिष्टाचार असता तर मी त्याचा इतका आग्रह धरला नसता.

पण हे वीस मीटर तुम्ही स्वतःही कमावू शकता. समोरचा दिवा लावत नसेल, तरी त्याची गाडी बोलते. फक्त कुठे बघायचं ते माहीत हवं.

पहिली गोष्ट, त्याच्या पुढे काय आहे ते बघा. शेजारच्या लेनमध्ये एक कार वेगात येतेय, तिच्या पुढे हळू ट्रक आहे, आणि कारचे ब्रेक लाइट लागत नाहीयेत. या माणसापुढे दोनच वाटा आहेत, जोरात ब्रेक मारणं किंवा तुमच्या पुढे येणं. तो येणारच असं धरून चाला. मी शिकवताना सारखा हाच प्रश्न विचारतो, “या क्षणी कुणाला तुझी जागा हवीय?” आठवडाभरात लोक उत्तर बरोबर द्यायला लागतात. पुढे लेन संपत असेल, बाहेर पडायचा रस्ता जवळ आला असेल, स्टॉपवरून बस निघत असेल, तर तेच.

दुसरी गोष्ट, पुढचं चाक. पूर्ण गाडी सरकलेली कळायच्या आधी चाक आणि पांढरी पट्टी यांच्यातली फट कमी होताना दिसते. लेनच्या मधोमध चालणारी गाडी हळूच एका कडेला लागली, की माणसाच्या मनात काहीतरी आहे, किंवा तो मोबाइल बघतोय. तुमच्या दृष्टीने दोन्हीचा अर्थ एकच. तिसरी, ड्रायव्हरचं डोकं. मागच्या काचेतून ते आरशाकडे वळताना दिसतं. मोटरसायकलवाल्याचं हेल्मेट वळलं, की बहुधा पाठोपाठ गाडी वळते. त्याच्या इंडिकेटरवर मात्र फार विसंबू नका, बऱ्याच दुचाकींचा इंडिकेटर आपोआप बंद होत नाही आणि मागच्या वळणाचा दिवा पुढच्या चौकापर्यंत लुकलुकत असतो.

यापेक्षाही मोठी गोष्ट म्हणजे तुम्ही उभे कुठे आहात. म्हणजे चालता कुठे आहात. शेजारच्या गाडीच्या मागच्या दाराजवळ, त्याच वेगाने, मिनिटभर चालत राहणं ही सगळ्यात वाईट जागा. त्याच्या आरशात तुम्ही नसता, खिडकीतही नसता. अशा वेळी त्याने इंडिकेटर न देता तुमच्यावर गाडी घातली, तर नियमाने दोष त्याचा, पण पत्रा तुमचाही चेपणार. एक तर पुढे निघून जा, नाही तर मागे राहा. ट्रकच्या बाबतीत सोपी खूण आहे, त्याच्या साइड मिररमध्ये तुम्हाला ड्रायव्हरचा चेहरा दिसत नसेल तर त्यालाही तुम्ही दिसत नाही.

अंतर ठेवलं की लोक घुसतात, ही तक्रार मला रोज ऐकायला मिळते. घुसतात, खरं आहे. पण हिशोब करा. एक गाडी आली तर तुम्ही पाय जरा उचलायचा. ब्रेक नको, नुसता अ‍ॅक्सिलरेटर सैल सोडायचा. ताशी पाच किलोमीटर कमी चाललात तर वीस-बावीस सेकंदांत तुमचं अंतर परत मिळतं. त्यात तुम्ही एक-सव्वा सेकंद मागे पडता. प्रवासात अशा दहा गाड्या आल्या तरी अर्धं मिनिटही जात नाही. अर्ध्या मिनिटासाठी रोज जीव मुठीत धरून, पुढच्याच्या बंपरला चिकटून जायचं का, हे तुम्ही ठरवा. मला ते परवडत नाही.

आणि ब्रेक नको म्हणतो ते उगाच नाही. जपानमध्ये युकी सुगियामा आणि सहकाऱ्यांनी २००८ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग आहे. २३० मीटरच्या गोल रस्त्यावर २२ गाड्या एका वेगाने फिरवल्या. ना सिग्नल, ना वळणाचा अडथळा, ना कुणी घुसणारा. तरी थोड्या वेळाने कुणीतरी किंचित मंदावला, मागच्याने त्याहून थोडं जास्त, त्याच्या मागच्याने आणखी जास्त, असं होत गाड्या अक्षरशः थांबल्या आणि ती कोंडी लाटेसारखी मागे मागे सरकत राहिली. भरलेल्या रस्त्यावर एक जण न सांगता घुसतो, मागचा दचकून ब्रेक दाबतो, आणि पंचवीस-तीस गाड्या मागे कुणीतरी उभा राहून विचार करतो की पुढे अपघात झालाय की काय. तुमच्या मोकळ्या अंतरात ही लाट विरते. घुसलेल्याला तुम्ही दिलेली जागा त्याच्यापेक्षा तुमच्या मागच्यांच्या जास्त उपयोगी पडते.

हॉर्नचं काय? त्याने तुम्हाला पाहिलेलं नाही आणि तो अंगावर येतोय, तेव्हा हॉर्न. छोटा, लगेच. तो घुसून झाल्यावर वाजवलेला लांब हॉर्न ही शिवी असते आणि समोरचाही ती शिवी म्हणूनच घेतो. तुमच्याशी भांडायला आले ते बहुधा या दुसऱ्या हॉर्नमुळे. डिपरचंही तसंच. लाइट मारला याचा अर्थ कुठे ‘या, तुम्ही आधी’, कुठे ‘थांबा, मी येतोय’. ब्रिटनची वाहतूक नियमावली म्हणूनच सांगते की मी इथे आहे एवढं कळवण्यापुरताच तो वापरा, त्यातून दुसरा कुठलाही निरोप देऊ नका. आणि मागे लागून, पुढे जाऊन, मुद्दाम ब्रेक मारून धडा शिकवायचा विचार मनात आला, तर कडेला थांबून पाणी प्या. त्या माणसाला धडा मिळत नाही, त्याला फक्त गोष्ट सांगायला मिळते की रस्त्यावर किती वेडे लोक आहेत.

आता तुमचा खरा बोचणारा प्रश्न. मी दिवा दिला की मागचा जागा बंद करतो, मग देऊ कशाला?

थोडं आपल्याकडेही बघूया. तुम्ही लेन कधी बदलता? बहुधा पुढची गाडी हळू झाल्यावर, म्हणजे तुमचा वेग आधीच पडलेला असताना. शेजारच्या लेनमधला तुमच्यापेक्षा वीसने जास्त वेगात येतोय. त्याला तुमचा दिवा दिसतो तेव्हा त्याच्या डोक्यात एकच विचार येतो, हा संथ माणूस आता माझ्यापुढे येणार आणि मला ब्रेक दाबायला लावणार. म्हणून तो आधीच निघून जायला बघतो. तो माजलेला असेलच असं नाही, तुम्ही त्याच्या जागी असतात तर पाय नकळत तसाच दाबला असतात.

म्हणून शिकवताना मी क्रम उलटा करून घेतो. समोरचा हळू आहे हे लांबूनच हेरायचं आणि अंतर असतानाच ठरवायचं. मग आरसा. शेजारच्या लेनमधल्या एखाद्या गाडीची निवड करायची, तिच्या पुढे जायचं नाही, मागे शिरायचं. ती गाडी तुमच्या बरोबरीला आली, की इंडिकेटर द्यायचा आणि वेग हळूहळू त्या लेनच्या वेगाला आणायचा. आता मागच्याला काय दिसतं? ही गाडी समोरच्या त्या गाडीच्या पाठोपाठ, त्याच वेगाने आत येणार. त्याला ब्रेक दाबावा लागणार नाही, त्याचं काही जात नाही. अशा वेळी जागा बंद करणारे खूपच कमी होतात. उरतात त्यांना जाऊ द्या. दिवा चालू ठेवा, ते गेले की त्यांच्या मागे शिरा. दिवा म्हणजे परवानगी नाही आणि हक्कही नाही. रस्ते वाहतुकीच्या १९६८ च्या व्हिएन्ना करारात हे नीट लिहिलंय, आधी कुणाला धोका होणार नाही याची खात्री करायची, पुरेशी आणि स्पष्ट सूचना द्यायची, बाजूला सरकणं पूर्ण होईपर्यंत ती चालू ठेवायची आणि झाल्याबरोबर बंद करायची. त्याच करारात हेही आहे की कुणी आपल्याला ओव्हरटेक करत असेल तर आपण वेग वाढवायचा नाही. म्हणजे तुमचा त्रागा काही अगदीच अस्थानी नाही.

किती आधी द्यायचा? कॅलिफोर्नियात वळायच्या आधी किमान १०० फूट इंडिकेटर चालू हवा असा कायदा आहे, इतर ठिकाणी आकडे वेगळे. मी अंतराऐवजी वेळ मोजायला सांगतो. हायवेला सरकायला सुरुवात करायच्या आधी तीन सेकंद. फार आधीही नको, नाहीतर मागच्याला वाटतं विसरून राहिलाय. नव्या गाड्यांत दांडीला नुसतं टिचकी मारली की तीनदा लुकलुकतं, त्यावर मात्र समाधान मानू नका. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे इंडिकेटर मिनिटाला ६० ते १२० वेळा लुकलुकतो. मधला आकडा धरला तर तीन वेळांना लागतात दोन सेकंद. म्हणजे तुम्ही सरकायला लागायच्या आधीच दिवा बंद. हायवेवर दांडी पूर्ण खाली-वर करा आणि दोन्ही लेनमधली पट्टी ओलांडून गाडी सरळ झाल्यावर हाताने बंद करा.

निघण्याच्या क्षणी खांद्यावरून एक झटपट नजर. आरसे नीट लावले असतील तर ही नजर फार थोडक्यात होते. बहुतेकांचे आरसे चुकीचे लागलेले असतात, त्यात स्वतःच्याच गाडीचा मागचा अर्धा भाग दिसत असतो. जॉर्ज प्लाट्झर यांनी १९९५ मध्ये सुचवलेली पद्धत सोपी आहे. डोकं आपल्या बाजूच्या खिडकीला जवळजवळ टेकवा आणि त्या बाजूचा आरसा असा बाहेर वळवा की गाडीची कड जेमतेम दिसेल. मग डोकं गाडीच्या मध्यावर आणून दुसरा आरसा तसाच लावा. सरळ बसलात की आरशात तुमची गाडी दिसणारच नाही. सुरुवातीला चुकल्यासारखं वाटतं. पण मागून ओव्हरटेक करणारी गाडी मधल्या आरशातून सुटते न सुटते तोच बाजूच्या आरशात येते, आणि तिथून निघते तेव्हा ती खिडकीतून दिसायला लागलेली असते. खांद्यावरची नजर तरीही सोडायची नाही. दुचाकी एवढ्या फटीतही लपते.

इथवरचं थोडक्यात सांगायचं तर, दुसऱ्याचा निर्णय त्याच्याआधी ओळखा, तुमचा निर्णय लवकर घ्या, आणि दिवा या दोन्हींच्या मध्ये लागू द्या.

खोळंबलेल्या गर्दीत यातलं बरंच बदलतं. तिथे वेगाचा फरक नसतो, दिवा आणि डोळ्याला डोळा भिडवणं यावरच सगळं चालतं, आणि जागा देणाऱ्याला हात दाखवला तर पुढच्या दोन गाड्याही शहाण्यासारख्या वागतात असं मला दिसतं. लेन संपते तिथे शेवटपर्यंत जाऊन एक यांची, एक त्यांची अशी आळीपाळीने गाडी घ्यायची पद्धत जर्मनीत तर नियमातच आहे. लांबूनच रांगेत शिरणाऱ्याला सभ्य आणि रिकाम्या लेनमधून टोकापर्यंत जाणाऱ्याला घुसखोर समजतात, ते बऱ्याचदा उलटं असतं. टोकाला जाऊन दिवा देऊन आळीपाळीने येणाराच रस्ता नीट वापरत असतो.

पाऊस जोराचा झाला की चारही दिवे लुकलुकत ठेवून चालणारे असतात, त्यांच्याबद्दलही एक वाक्य. बहुतेक गाड्यांत ते चालू असताना इंडिकेटर वेगळा कळतच नाही. म्हणजे ज्या वेळी लेन बदलल्याचं सांगणं सगळ्यात गरजेचं, त्याच वेळी तोंड बंद. चालत्या गाडीला साधे हेडलाइट पुरेत. आणि तुमच्या डॅशबोर्डवरची टिकटिक अचानक दुप्पट वेगाने व्हायला लागली, तर पुढचा किंवा मागचा एक बल्ब गेलाय असं समजा. तुम्ही दिवा देताय, पण मागे पोचत नाहीये, असं कित्येकांचं महिनोन्‌महिने चालू असतं.

आता भाऊ. तो चालवत असताना बोलू नका. शेजारून “अरे इंडिकेटर!” असं कुणी ओरडलं, की माणूस इंडिकेटर देत नाही, वाद घालतो. शिवाय तो क्षण आधीच गेलेला असतो. घरी निवांत असताना बोला, तेही इंडिकेटरबद्दल नको. त्याला म्हणा, पुढच्या वेळी मी शेजारी बसतो, तू चालवताना काय करणार आहेस ते करायच्या आधी मोठ्याने सांगत जा. “पुढचा टेम्पो हळू आहे, मी दोन गाड्यांनंतर बाहेर निघणार.” पोलिसांच्या ड्रायव्हरांना शिकवतानाही ही बोलत चालवायची पद्धत वापरतात. सुरुवातीला हसू येतं, लाज वाटते. पण दहा मिनिटांत त्याच्या स्वतःच्याच लक्षात येतं की आपण सांगतोय ते करून झाल्यावर. बोलणं पुढे सरकलं, म्हणजे ठरवणं लवकर झालं, की हात बहुधा आपोआप दांडीकडे जायला लागतो, वेगळं सांगावं लागत नाही. भाऊ मोठा असता तर हा प्रयोग जरा अवघड होता. धाकटा आहे, आधी तुम्ही बोलत चालवून दाखवा, तो शेजारी बसून तुमच्या चुका काढेल. काढू द्या.